एका ताऱ्याचं घर

चिचगडच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी घरं तपासायला गेले होते. माझी नोकरीच तशी होती. कोणत्या घराला वीज किती लागते, भिंती कसल्या, छत कसलं, पंखा-बल्ब कोणते हे मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये भरायचं. फॉर्मच त्यावरून एक ते पाच तारे देई, वीज कमी लागणाऱ्या घराला जास्त, आणि त्या ताऱ्यांचं स्टिकर मी दारावर चिकटवून निघे.

त्या घरात एक म्हातारं जोडपं राहत होतं. मातीच्या हातभर जाड भिंती, वर कवेलू म्हणजे मातीची कौलं, शेणानं सारवलेली जमीन. एक बल्ब, एक पंखा. मे महिना होता. आत पाऊल टाकलं आणि माझा घाम सुकला. काकू म्हणाल्या, "बस बाई, पंखा लावू का?" मी नको म्हटलं, खरंच गरज नव्हती.

फॉर्मवर 'भिंत' या प्रश्नाला दोनच उत्तरं होती, पक्की आणि कच्ची. मी 'कच्ची' दाबलं. छतालाही तेच. एक तारा आला.

काका स्टिकरकडे पाहत राहिले. समोरच्या सिमेंटच्या घराला चार तारे मिळाले होते.

"आमच्या घराले एकच काऊन?"

"भिंती मातीच्या आहेत ना काका. आणि वर कवेलू."

"मंग सिमेटचं बांधलो तं वाढतीन?"

मला अजून बरीच घरं उरकायची होती. मी म्हटलं, "हो, वाढतील."

फॉर्म चुकतोय, तुमचं घर गावात सगळ्यात थंड आहे, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? गाडीवर बसताना ते मनात आलंही होतं. पण परत उतरले नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्या फेरीत तेच गाव वाट्याला आलं. काकांनी मला लांबूनच ओळखलं. "या मॅडम! आता पाहा." मातीचं घर पाडून तिथे स्लॅबचं घर उभं होतं, भिंती एका विटेच्या. आत शिरले तर भट्टीसारखं तापलेलं. कूलर घरघरत होता, वारा गरमच.

"काकू कुठे आहेत?"

"गोठ्यात. दुपारी आतमंदी बसतच नाही. तिले चक्कर येते."

गोठ्याची एक मातीची भिंत पाडायची राहिली होती. तिला पाठ टेकून काकू गाईशेजारी बसल्या होत्या, डोक्यावर ओला पदर.

फॉर्मनं चार तारे दिले. काकांनी ते स्टिकर माझ्या हातून घेऊन स्वतः चिकटवलं, चारही कोपरे अंगठ्यानं दाबून. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मी पुन्हा गप्प राहिले. पहिल्या वेळी घाई होती असं म्हणता येईल. या वेळी तर मला सगळं कळत होतं.

मुर्रीला माझ्या घरी आल्यावर जेवण गेलं नाही. फॉर्म मातीच्या घरांना चुकीचे तारे देतो असं ऑफिसला लिहिलं, तर फॉर्म वरून ठरतो, असं उत्तर आलं. पुढच्या रविवारी एकटीच गेले, चुन्याची पोती घेऊन. काका-काकूंना समोर बसवून सांगितलं, की तो एक तारा खोटा होता आणि मला तेव्हाच माहीत होतं.

काकांनी दारावरच्या स्टिकरकडे पाहिलं. मग म्हणाले, "तवाच सांगतलं असतं तं मी पाडलो नसतो."

काकू त्यांच्यावर चिडल्या, "मी सांगून राहिली होती ना तुमाले? माहं ऐकले का? कागदाचं ऐकले."

ऊन परतावं म्हणून स्लॅबवर आम्ही चुन्याचे दोन हात दिले, वर तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, मांडव घातला. आता घर थोडं कमी तापतं. पण काकू उन्हाळाभर दुपारच्या गोठ्यातच असतात. मी ती नोकरी सोडली. तिकडे गेले की काका चहा पाजतात, पावसापाण्याचं बोलतात. घराबद्दल मला काही विचारत नाहीत.