म्हातारीचं कापड

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कणकवलीत एका कुरिअरवाल्याशी भांडत होते, आणि तेही तिच्याच कामासाठी. "मॅडम, हा पत्ता होत नाही," हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. काँगो देश, कसाई प्रांत (नावावर जाऊ नका), चर्चच्या मागे, मोठ्या आंब्याखालचं घर... आमच्या जामसंड्यात एवढ्यावर माणूस सापडतो, पण जगाला घर क्रमांक लागतो. पार्सल पिशवीत कोंबलं आणि मिळेल ती एसटी पकडली.

कुसुममावशीचे यजमान तिकडे एका व्यापाऱ्याच्या ट्रकांचे मेकॅनिक होते. लग्नानंतरची बरीच वर्षं तिची तिथेच गेली. शेजारी कुबा लोकांची एक म्हातारी राहायची. राफिया नावाच्या माडाच्या कोवळ्या पातीचे धागे काढून त्यांचे पुरुष कापड विणतात, आणि बायका त्यावर भरतात. धागा ओवायचा, गाठ न मारता बारक्या सुरीने कापायचा. अशी टोकं दाट उभी राहिली की कापड मखमलीसारखं लागतं. आधी नक्षी काढून घेणं वगैरे नाही. चौकटी चालल्यात म्हणेपर्यंत त्या मध्येच भलतीकडे वळतात. म्हातारीकडून शिकून आलेली मावशी पडवीत बसून तसंच भरायची आणि मला, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईला, ते बघवायचं नाही. "गो मावशी, फुडे काय येतला ता ठरवलंस काय?" असं विचारलं की म्हणायची, "हात नेतलो थंय जातलंय."

यजमान आजारी पडले, कायमचं परतायचं ठरलं, तेव्हा निघण्याच्या दिवशी म्हातारीने अर्धं भरलेलं एक कापड तिच्या मांडीवर ठेवलं आणि खूण केली... पुरं कर. मावशीला तिची भाषा बाजारहाटापुरतीच यायची. पण कुबांमध्ये माणूस गेलं की त्याला असं कापड नेसवून पुरतात, नाहीतर पलीकडचे पूर्वज त्याला ओळखत नाहीत, एवढं तिला ठाऊक होतं. तिने आपल्या मनाशी ठरवून टाकलं. म्हातारीचे डोळे अधू झालेत, हे तिचं शेवटचं नेसू, ते पुरं करून तिला परत द्यायचं. शेजारणीची वाटी रिकामी परत न करणाऱ्या आमच्या बायका, त्यांना दुसरं काय सुचणार!

कापड पुरं झालं आणि खरा छळ सुरू झाला. तारकर्लीच्या एका खलाशाला गाठलं, तर त्याची बोट भलत्याच बंदराला लागली. व्यापाऱ्याने दुकान हलवलेलं, फोन बंद. पोस्टात, कुरिअरला सगळीकडे नन्नाचा पाढा. वैतागून मी म्हणाले, "ठेव गो आता. ती म्हातारी कधीच गेली असतली." मावशी भडकली. "आणि नसली तर? माझ्यापायी उघडी जातली ती?" शेवटच्या आजारात तर तिचा एकच धोशा, "माझ्यावांगडा ह्या जाळू नकात हां. दुसऱ्याची वस्तू ती." म्हणून त्या दिवशी घरात शिरल्यावर मी आधी पिशवी कपाटात ठेवून कुलूप लावलं, आणि मग तिच्या पायांशी जाऊन बसले.

बाराव्यानंतर, कुणाकडून तरी बातमी कळून, त्या व्यापाऱ्याच्या मुलाचा सांत्वनाचा फोन आला. इतकी वर्षं शोधलेला माणूस असा आपणहून उगवला! त्याने म्हातारीच्या नातीचा नंबर दिला. मोबाईलवर भाषांतर करून करून मी तिला सगळं लिहिलं, कापडाचा फोटो पाठवला, कसं पोचवू ते विचारलं. तिचं उत्तर आलं. आजी मागेच गेली. तिची कापडं तिच्या पेटीत तयार होती, लेकीसुनांनी मिळून भरलेली. हे आजीचं नव्हतंच. आमच्यात घरच्या बाईचं कापड घरच्या बायकांनी मिळून भरायचं असतं. तुमच्या मावशीला घरची मानून आजीने तिचं कापड सुरू करून दिलं होतं. आणि खाली एक प्रश्न... "तिला नेसवलंत ना?"

मला रडू आलं नाही, संताप आला. दोघींचाही. एवढी माया होती, तर कुणाला तरी मध्ये घालून एकदा नीट बोलायला काय झालं होतं?

नातीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. पूर्वजांचं मला ठाऊक नाही, पण म्हातारी मावशीला ओळखणार, कापड असो वा नसो. मला जाळतं ते वेगळंच. मावशी तिथे पोचल्या पोचल्या तिच्यापुढे मान खाली घालून उभी राहिली असणार आणि म्हणत असणार, "माफ कर गो, तुझा कापड आणूक जमाक नाय माका..."