शेंडीचे बोळे

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि हे लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. विज्ञान शिकले, आयुष्यभर विज्ञानच शिकवलं. पण नानांचं हे एक सांगायचं राहून गेलंय...

नाना म्हणजे माझे वडील, बऱ्हाणपुरात मास्तर. घर लोधीपुऱ्यात. आई लवकर गेली, म्हणून विधवा आत्या आमच्याकडेच राहायची. संस्थानं एकामागून एक विलीन होत होती, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या मध्य प्रांताची राजधानी तेव्हा नागपूर, त्यामुळे मी एम.एस्सी.ला तिथेच होते. विषय — उत्क्रांती आणि जेनेटिक्स. पिकल्या केळ्यावर बारीक चिलटं येतात ना, त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढवून बघायच्या. आमच्या गावाजवळच्या दापोऱ्याच्या केळीच्या बागेतली चिलटं मी धरून नेली होती आणि नागपूरच्या चिलटांशी ताडून बघत होते.

"पोरीचं लगन करायचं सोडून मास्तर माशा पाळून राहिला," आत्या म्हणायची. नाना ऐकलं न ऐकलं करायचे.

लॅबमधली चिलटं मेली तर पंचाईत नको, म्हणून दापोऱ्याच्या चिलटांच्या काही बाटल्या मी घरी ठेवल्या होत्या. त्या नाना सांभाळायचे. मक्याचं पीठ, गूळ आणि केळं शिजवून नव्या बाटलीत ओतायचं, दर पंधरवड्याला चिलटं त्या बाटलीत घालायची आणि तोंडाला कापसाचा बोळा लावायचा; उन्हाळ्यात बाटल्या गारव्यासाठी ओल्या वाळूत ठेवायच्या. एवढं चुकलं की बुरशी धरते, सगळी मरतात. आईमागे देवाच्या वाती नानाच वळायचे, त्या सवयीने बोळ्यालाही पीळ देऊन वर शेंडी काढायचे. "ओढायले बरं पडते, बेटा." मी त्यांना चिडवायचे — तुमची चिलटं सोवळ्यातली! आत्या बाटल्या फेकून देईल म्हणून त्या खोलीला कुलूप असायचं. चाबी एकच, ती नानांच्या करगोट्याला.

त्या उन्हाळ्यात लॅबमधली माझी सगळी चिलटं उष्म्याने मेली. घरी आहेत म्हणून मी निर्धास्त होते. आणि त्याच आठवड्यात तार आली. नाना गेले होते.

पोचले तोवर सगळं उरकलं होतं. मग कळलं, नाना महिन्याहून जास्त खंडव्याला दवाखान्यात होते. पोरीचा अभ्यास बुडेल, कळवू नको, अशी त्यांनी आत्याला शपथ घातली होती. मला आधी राग आला... रडू नंतर आलं. शेवटचं बोलणंसुद्धा झालं नाही आमचं.

तेरावं झाल्यावर आत्याने चाबी माझ्या हातावर ठेवली. दवाखान्यातून कपड्यांबरोबर आली होती. आत काय दिसणार हे मला ठाऊक होतं. नाना गेले, आणि ज्या अभ्यासापायी त्यांनी मला बोलावलं नाही, तोही गेला.

दार उघडलं तर केळं-गुळाचा ताजा वास आला. बाटल्या ओल्या वाळूत उभ्या होत्या. आतलं खाणं पिवळंधमक, चिलटं जिवंत. आणि प्रत्येक बोळ्याला शेंडी.

"आत्या, हे तू केलंस?"

"मी कायले हात लावू? चाबी त्याच्यापाशी होती." बाटल्यांकडे बघत ती उंबऱ्यातच खाली बसली. "शेवटी शेवटी त्याच्यानं पाणीबी गिळवत नव्हतं. पण बोटं चालूच. वात वळते ना, तशी. मले वाटे, ताप डोक्यात गेला."

दुसरी चाबी असेल, शेजाऱ्यांपैकी कुणी आलं असेल... सगळं विचारून झालं. कुणीच आलं नव्हतं. चिलटं चिवट निघाली असं एकवेळ म्हणता येईल, पण शिजवलेलं खाणं आपोआप ताजं होत नाही.

त्याच चिलटांवर मला डिग्री मिळाली. पण त्यांना नव्या बाटल्यांत घालायचं म्हणजे नानांचे बोळे ओढून काढणं आलं. नाही काढले तर चिलटं मरणार. पहिल्या बोळ्यावर हात ठेवून मी बराच वेळ रडले, मग काढला. डोळे पुसून कापूस घेतला आणि नवा बोळा वळला. तोपर्यंत मी साधेच बोळे करायचे, नुसते दाबून.

आईबापांनी कमावलेली सवय पोरांच्या रक्तात उतरत नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं वर्गात शिकवलं. त्या दिवशी माझ्या हातातल्या बोळ्याला शेंडी होती. मी काढली नव्हती... निदान मला आठवत नाही.