न झिजणारं पातं

फरीदाबादच्या एका फाउंड्रीत मी मेटलर्जिस्ट म्हणून नोकरीला लागले तेव्हा गुडगावात टॉवरवर टॉवर उभे राहत होते. आम्ही काँक्रीट मिक्सरची लोखंडी पाती ओतायचो. वाळू-खडीनं ती भराभर झिजायची, साइटवाले वैतागून फोन करायचे आणि मालक नवा सेट लगेच पाठवायचे. मला वाटायचं, माणूस किती तत्पर!

मालकांना विचारूनच मी प्रयोग सुरू केला. लेथवर धातू कापणाऱ्या कार्बाइडच्या तुटक्या टूलटिप्स कुटून ते कठीण दाणे साच्याच्या तळाशी पसरायचे आणि वरून वितळलेलं लोखंड ओतायचं, म्हणजे घासली जाणारी बाजू जास्त टिकते. पहिल्या खेपेला लोखंड दाण्यांत शिरलंच नाही; हात लावला की दाणे साखरेसारखे गळून पडत. मग दाणे आणि साचा आधी चांगले तापवले. हळूहळू जमलं. एक सेट गुडगावच्या साइटवर पाठवला.

बऱ्याच दिवसांनी तिथल्या इंजिनियरचा फोन आला. "मॅडम, आजूबाजूच्या मिक्सरची पाती बदलली, तुमची अजून तशीच आहेत! सगळ्या मशीनना हीच द्या."

मी धावतच मालकांच्या केबिनमध्ये गेले. ते हसले नाहीत. "मॅडमजी, ये घिसेगा ही नहीं, तो हम बेचेंगे क्या?"

"म्हणजे मुद्दाम झिजणारं विकायचं?" रागाच्या भरात मी मराठीतच ओरडले. त्यांना शब्द कळले नसतील, आवाज कळला. त्यांनी तिथल्या तिथे काम बंद करायला सांगितलं. संध्याकाळी माझी उरलेली पाती भंगारात पडलेली दिसली.

घरी नवरा म्हणाला, "अगं जाऊ दे ना यार. तुला काय फरक पडतो?"

त्या 'काय फरक पडतो'चा मला मालकांपेक्षा जास्त राग आला. "माझं काम आहे ते!" म्हणून मी ताट तसंच ठेवून उठले. सकाळी राजीनामा दिला आणि साइटवरच्या त्या इंजिनियरला फोन करून खरं कारण सांगून टाकलं.

त्यानं पाती दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली, झिजणारीच. मला पुढे नोएडात पंपांच्या कारखान्यात नोकरी मिळाली. तिथे माझे कार्बाइडचे दाणे घातलेले इम्पेलर, म्हणजे पंपात पाणी ढकलणारी चक्रं, खपले, कौतुकही झालं. लोक म्हणतात, बरंच झालं की! नाही झालं बरं. आठवलं की आजही माझं डोकं तापतं.