बाभळीत अडकलेलं गवत
निळ्या ऑइलपेंटचा वास आला की मला बावड्याजवळचा नीरेचा काठ आठवतो. पूररेषेचे दगड रोवून रंगवायला मी नकाशा घेऊन गेलो होतो; त्या दगडांपासून नदीकडं बांधकामाला परवानगी मिळत नाही. तिथं मेंढरं राखणारे एक म्हातारे आबा म्हणाले, "सायेब, दगडामागं, रानाच्या अंगाला बघा. बाभळीत वाळलेलं गवत अडकलंय, तितवर पाणी आलं हुतं." गवत माझ्या डोक्याच्याही वर लोंबत होतं. "आबा, नकाशात रेषा इथंच आहे," मी म्हणालो आणि रंगाचा दुसरा हात दिला. "व्हय का? मग मी आपली मेंढरं वरच्या रानात बसवतो," म्हणून ते कळप हाकत निघाले. अहवालातल्या शेऱ्याच्या रकान्यात गवताची एक ओळ लिहिली असती, तर वरिष्ठांनी पुन्हा मोजायला लावलं असतं. मी रकाना कोरा सोडला. पुढं बाभूळ तोडून तिथं रीतसर परवानगीनं घर झालं. यंदा पूर ओसरल्यावर पंचनाम्याला मलाच पाठवलं. घरची माणसं गावच्या शाळेत मुक्कामाला होती, आणि त्यांच्या खिडकीच्या वरच्या गजांत तसंच गवत लोंबत होतं. या वेळी मी ते शेऱ्यात लिहिलं.