यूस्टॅट आणि माझी फजिती

किस्से जमवायला लोक कुठं कुठं हिंडतात! मला हडपसरच्या ऑफिसात नुसतं वेळेवर पोचावं लागतं. संध्याकाळपर्यंत माझ्याच गाढवपणाचा एखादा तरी तयार असतो. त्यातले निम्मे एकट्या यूस्टॅटचे.

यूस्टॅट म्हणजे काय, तर प्रोग्रामनं सिस्टीमला विचारायचं, "या डिस्कवर जागा किती उरलीय?" आणि तिनं उत्तर द्यायचं. वीसेक वर्षांपूर्वी एका क्लायंटसाठी मी रोज सकाळी असा रिपोर्ट काढणारा प्रोग्राम लिहिला. मॅन्युअलमध्ये तेव्हाच स्पष्ट लिहिलं होतं, "नव्या प्रोग्राममध्ये हे वापरू नये." मी म्हटलं, माझा कुठं नवा आहे? चांगला सोमवारी सुरू केलाय!

* * *

हे यूस्टॅट डिस्कचं नावही देतं, असं वाचून मी रिपोर्टात शेवटी ऐसपैस रकाना आखला: 'डिस्कचं नाव'. तो कायम कोरा! दोन दिवस डोकं आपटलं, मग मॅन्युअलची पुढची ओळ वाचली. आमच्या लिनक्स सिस्टीमवर ते नाव कधीच भरलं जात नाही.

क्लायंटनं विचारलं, "इथं काहीच का येत नाही?"

मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "सिक्युरिटी."

मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं हो!

* * *

बायकोनं एकदा विचारलं, "तुम्ही ऑफिसात नक्की करता काय?"

"कुठं किती जागा शिल्लक आहे ते सांगतो," मी ऐटीत म्हणालो.

तिनं फ्रीज उघडला. "सांगा. आमटीचं पातेलं ठेवायचंय."

पातेलं ओट्यावरच राहिलं.

* * *

मागच्या महिन्यात नवा सर्व्हर आला आणि त्यावर माझा प्रोग्राम चालेचना. "यूस्टॅट सापडत नाही," म्हणे! मी तणतणलो. शेजारच्या टेबलावरची सायली, वयानं माझ्या मुलीएवढी, म्हणाली, "सर, ते काढून टाकलंय. बरीच वर्षं झाली."

"मला कोणी कळवलं नाही!"

"पेपरात देत नाहीत, सर."

मॅनेजर म्हणाला, "शुक्रवारपर्यंत नव्या पद्धतीनं करून द्या. क्लायंटची एक जरी तक्रार आली, तर प्रोग्राम सायलीकडे आणि तुम्ही ट्रेनिंग विभागात."

आमच्या तळघरातल्या ट्रेनिंग विभागातून माणूस वर येतो तो थेट स्वतःच्या निरोप समारंभाला. एवढ्या नोकरीत माझा म्हणावा असा हा एकच प्रोग्राम, तोही जाणार!

* * *

तीन दिवस खपलो. यूस्टॅट काढलं, नवं घातलं. सायलीनं पाहिलं आणि म्हणाली, "छान झालंय, सर. चार ओळी बदलल्यात." ती चिडवत नव्हती, तेच जास्त लागलं. निदान जुनी लाज तरी पुसावी म्हणून मी तो कोरा रकानाही उडवला. शुक्रवारी रिपोर्ट गेला. आकडे अगदी बरोबर!

सोमवारी क्लायंटकडच्या जोशीबाईंचा फोन आला. रोजचा रिपोर्ट छापून फायलीला लावायचं काम त्यांचं. मॅनेजर समोरच उभा, स्पीकर चालू.

"अहो, तुमचा रिपोर्ट बिघडलाय."

"आकडे चुकले का?" मी विचारलं.

"आकड्यांचं आम्हाला काय माहीत? शेवटचा रकाना कुठं गेला?"

"बाई, तो तर वीस वर्षं रिकामाच होता!"

"म्हणून तर! आम्ही सगळे त्यात सह्या करतो. बाकीचं कोण वाचतंय?"