आईच्या फोटोखालची ओळ

माझ्या आईच्या डाव्या डोळ्यातून पाणी येतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सुरू झालं ते थांबलंच नाही. भाजी निवडताना येतं, टीव्ही बघताना येतं, हसताना तर हमखास येतं. पदरानं टिपायचं आणि पुढच्या कामाला लागायचं, एवढंच तिचं त्याच्याशी नातं. हे आधीच सांगून ठेवते, कारण या पाण्याबद्दल पुढं पेपरात बरंच काही लिहून आलं.

पहिल्यांदा छापून आलं ते बुद्धपौर्णिमेच्या वेळी. रायपूरच्या गुढियारी भागातल्या आमच्या विहारात त्या दिवशी सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून रांगेनं बसतात. आमच्याकडे पांढरी साडी म्हणजे वंदनेची साडी, घडी मोडायलाही जिवावर येईल अशी जपून ठेवलेली. आई पहिल्या ओळीत होती. फोटोग्राफर वाकून फोटो घेत होता तेव्हा तिचे हात जोडलेले होते, डोळे मिटलेले होते आणि डाव्या गालावर नेहमीचा थेंब होता. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला, खाली लिहिलं होतं, ‘श्रद्धा में लीन उपासिका’. बाबा स्टेशनपर्यंत जाऊन जादाचे अंक घेऊन आले. आई म्हणाली, ‘‘श्रद्धा हाय ते खरं, पण डोया तं असाच गळते ना.’’ आम्ही हसलो. कौतुकाचं खोटं कोणाला टोचतं?

तो पेपर आमच्या घरचाच होता म्हणायचा, कारण माझा मोठा भाऊ तिथं डेस्कवर आहे. वॅगनच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माझ्या बाबांना ‘पोरगा पेपरात हाय’ हे सांगताना छाती फुगवावी लागत नसे, ती आपोआप फुगे. जेवायला आला की दादाचा एक खेळ ठरलेला असे. पेपरातल्या फोटोखालची ओळ अंगठ्यानं झाकायची आणि विचारायचं, ‘‘सांगा, काय चाललंय?’’ आम्ही म्हणायचो भांडण, ओळीत निघायची होळी. आम्ही म्हणायचो लग्न, निघायचं उपोषण. तो खूश होऊन म्हणायचा, ‘‘देखा? फोटो कुछ नहीं बोलता. बुलवाना पड़ता है.’’ आम्हाला ते शहाणपण वाटे. पुढं त्याला रविवारचं एक अख्खं पान मिळालं. आई मराठी शाळेत शिकलेली, हिंदी अडखळत वाचते, पण ते पान ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्याच पानावर तिला स्वतःचा चेहरा दिसला.

फोटो तोच होता. शेजारच्या बायका कापून टाकलेल्या, कडेची बुद्धमूर्ती गायब. उरली होती पांढरी साडी, जोडलेले हात, मोकळं कपाळ आणि तो थेंब. कुंकू आईनं फार वर्षांपूर्वी स्वतःच्या विचारानं सोडलं होतं. वर मोठ्या अक्षरांत होतं, ‘सूनी मांग, नम आंखें’. खाली, ‘पति के जाने के बाद पेंशन की बाट जोहती एक बेसहारा महिला’.

गेलेले पती त्या वेळी अंगणात उन्हाला बसून मुर्रा-फुटाणे खात होते.

आमच्या भागात पांढरी साडी आणि मोकळं कपाळ दिसलं की लोक एकच अर्थ काढतात, हे आम्हाला जन्मापासून माहीत आहे. तासाभरात समोरची छत्तीसगढी बाई डोक्यावर पदर घेऊन, रडवेला चेहरा करून दारात आली. ‘‘का होगे दाई? पेपर मा देखेंव.’’ मग तिची नजर बाबांवर गेली आणि ती दचकून एक पाऊल मागं सरली. गोंदियाहून मामांचा फोन आला. तो बाबांनीच उचलला आणि म्हणाले, ‘‘मीच बोलून राहिलो, बोला.’’ मला हसू आवरेना. आईला मात्र हसू आलं नाही. ती पेपरावर हात ठेवून बसली होती आणि तिला काळजी पडली होती ती दादाची.

‘‘त्याले फोन लाव,’’ ती मला म्हणाली. ‘‘त्याच्या पानावर कोणी तरी बदमाशी केली. बिचाऱ्याले मालूमही नसंन. नोकरीवर यायचं त्याच्या.’’

दादा म्हणाला, दुपारी जेवायलाच येतो. आईनं वांग्याची भाजी केली, त्याला आवडते तशी तिखट. तो हात धुऊन ताटावर बसला तेव्हा तिनं हलक्या आवाजात विचारलं, ‘‘कोणी केलं रे हे?’’

दादानं भाकरी मोडली. ‘‘कोणी म्हणजे? पान तर माझंच आहे ना.’’

‘‘म्हणजे चुकून लागला फोटो?’’

तिनं त्याला वाट करून दिली होती. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. तेवढीही तसदी त्यानं घेतली नाही. ‘‘चुकून नहीं, आई. विधवाओं की स्टोरी थी, और फोटो एक भी काम का नहीं आया. फोटोग्राफर खऱ्या बायकांचे काढून लाया था, पण त्या सगळ्या हँस रही थीं. आता सांग, हसणाऱ्या बाईवर ‘नम आंखें’ कसं लिहू?’’

माझं डोकंच फिरलं. ‘‘आणि हे पाणी कशाचं आहे ते तुला माहीत नाही? ऑपरेशनच्या दिवशी गाडी तूच आणली होतीस.’’

‘‘मुझे पता है. पढ़नेवाले को थोड़ी पता है.’’

आई त्याच्याकडे पाहत होती. ‘‘पण पुऱ्या रायपूरमंदी तुले दुसरी बाई नाई भेटली? मीच काहून?’’

यावर दादा हसला. लाडानं हसला, हे मला अजून सहन होत नाही. ‘‘दूसरी होती तो दूसरे दिन ऑफिस में आके खड़ी हो जाती, आई. केस कर देती. तू थोड़ी ना करेगी.’’

चुलीवरचं भांडं उतरवावं तसं आईनं पुढचं वाक्य सावकाश उतरवलं. ‘‘मंग आता छापून दे, का माहा नवरा जिता हाय.’’

‘‘ऐसे नहीं छपता. विचारतील, फोटो कुठून आला. मेरा पेज चला जाएगा.’’ त्यानं भाजी पुसून खाल्ली, हात धुतला आणि निघून गेला. बाबा समजूत घालायला म्हणाले, ‘‘जाऊ दे ना. मी थोडाच मेलो?’’ आई म्हणाली, ‘‘तुमचं काई गेलं नाई. माहं गेलं.’’ दादानं तिला ओळखून वापरलं होतं. परक्यानं फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. इथं शिवी द्यायची तर ती आपल्याच घराला लागत होती. तिच्या गरीब स्वभावावर वाढलेल्या मुलानं त्याच स्वभावाचा हिशेब मांडून तिला निवडलं, हे मला त्या दिवशी गिळता आलं नाही आणि आजही येत नाही.

सोमवारी सकाळी आईनं वंदनेची साडी काढली. पौर्णिमा नव्हती. बाबांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि मला म्हणाली, ‘‘रजा टाक. माह्यासंग चाल.’’ ऑटोत ती हिंदी वाक्य घोकत होती. ‘‘ये हमारे मालिक हैं, जिंदा हैं.’’ मी म्हटलं, दादाचं काय? ‘‘त्याचं नाव नाई घेणार मी. कायले घेऊ? फक्त खरं काय ते छापून पायजे.’’

संपादक सज्जन निघाले. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, फोटो आईच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला. चूक झाली आहे, हात जोडतो, म्हणाले. मग त्यांनी फोन उचलून पानाच्या प्रमुखाला आत बोलावलं.

दादा दार ढकलून आत आला आणि आम्हाला पाहून थबकला. मला खरंच वाटलं की आता सुटेल सगळं. मान खाली घालेल, ‘सर, ही माझी आई आहे’ म्हणेल, आणि तेवढ्यावर आई त्याला तिथल्या तिथं माफ करून टाकेल. ती तयारच होती. बाबाही खुर्चीतून अर्धे उठले होते.

‘‘ये कह रही हैं, इनके पति जीवित हैं,’’ संपादक म्हणाले. ‘‘ये साथ में आए हैं.’’

दादानं बाबांकडे पाहिलं नाही. ‘‘जी सर. फाइल फोटो थी. हमें पता नहीं था किसकी है.’’ मग आईकडे वळून, परक्या म्हाताऱ्या बाईशी बोलावं तशा अदबीनं तो म्हणाला, ‘‘आप बैठिए, माताजी. चाय लेंगी?’’

बाबा हळूच पुन्हा खाली बसले. मी तोंड उघडलं तर आईनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

‘‘बताइए माताजी,’’ संपादकांनी विचारलं, ‘‘क्या छापना है?’’

आईचं वाक्य तयार होतं, वाटभर घोकलेलं. ते तिनं म्हटलं नाही. ‘‘कुछ नहीं साहब. रहने दो,’’ म्हणाली, पदर सावरला आणि दाराकडे चालू लागली. दादानं तिच्यासाठी दार धरून ठेवलं.

खाली रस्त्यावर आल्यावर बाबांचा बांध फुटला. ‘‘एवढ्या दूर घेऊन आली मले, अन् तिथं बोलली काहून नाई?’’

‘‘कोणाले बोलू?’’ आई म्हणाली. ‘‘तिथं आपल्या ओयखीचं कोणी नोतं.’’