सरांच्या दारात जाताना

संक्रांतीचे तीळ भाजायला घेतले की आजही माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. त्या खमंग वासाबरोबर आणीबाणीतली औरंगाबादची एक दुपार समोर येते.

आमच्या खडकेश्वरच्या गल्लीतल्या एका सरांना, सभेत सरकारविरुद्ध बोलले म्हणून, तुरुंगात टाकलं होतं. त्यांच्या घरी कोण जातं हे बघत साध्या वेशातला पोलीस समोरच्या ओट्यावर बसून असायचा. गल्लीनं त्या घराकडं बघणंसुद्धा सोडलं होतं.

आईनं ठेवणीतलं लुगडं नेसून तिळगुळाची वाटी उचलली, तेव्हा सरकारी नोकरीतले माझे वडील, अण्णा, दारात आडवे आले. "नोकरी जाईल माझी! निदान मागच्या दारानं तरी जा."

"चोरी केलीय व्हय मी?" आई म्हणाली. "सणाला शेजारणीकडं जायला लपायचं कशापायी?"

माझा हात धरून ती भर उन्हात निघाली. तिचा तळवा घामानं ओला झाला होता. तेव्हा मला तो नुसता चिकट लागला. त्यातली भीती आज कळते. पोलीस उठून उभा राहिला. तेवढ्यात शेजारच्या खालाजान बाहेर आल्या. "ठैरो भाभी, मैं बी आती," म्हणत त्या आमच्यासोबत चालू लागल्या. सरांच्या बायकोनं दार उघडलं आणि आईच्या हातातली वाटी दोन्ही हातांनी धरली.

महिन्याभरात अण्णांची फर्दापूरला बदली झाली. सामान बांधताना ते चिडून म्हणाले, "झालं ना आता मनासारखं?"

आईनं भांड्यांचं पोतं आवळून बांधलं.

"तिथंबी शेजार असंलच की," ती म्हणाली.